नववीतच पोराची वाट ठरवायची म्हणता?

चिरेखण (धागा सुरू करणारा)

परवा इथेच 'वेर्णेकर' यांनी 'बी.ए.ची भरताड थांबवा' अशी पोस्ट टाकली आणि धडाधड अंगठे पडले, म्हणून हा खटाटोप. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: व्यवसाय शिक्षण गोव्यातल्या सगळ्या हायस्कुलांत सक्तीचं करा. नववीला मुलानं एक 'वाट' निवडावी, हॉटेल, ऑटोमोटिव, आयटी, आरोग्य, जे काय असेल ते. अकरावी-बारावीला आठवड्याचे दोन दिवस कारखान्यात किंवा हॉटेलात. त्या तासांचे क्रेडिट पुढे कॉलेजात धरायचे, म्हणजे विसाव्या वर्षी पोर कमावता. आणि शेवटी हे रत्न: "शिक्षकांनी आता तरी खडू खाली ठेवून जगात काय चाललंय ते बघावं."

खडू मी २०१९ लाच खाली ठेवला. एकतीस वर्षं डिचोली तालुक्यात गणित शिकवून निवृत्त झालो. तेव्हा वेळ आहे, सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे हे नवीन नाही. १९८६ च्या धोरणात लिहिलं होतं की १९९० पर्यंत उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं व्यवसाय शाखेकडे वळतील आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. वळली नाहीत. मग १९९२ ला धोरणात दुरुस्ती झाली. काय दुरुस्त केलं? तारखा! १० टक्के १९९५ ला, २५ टक्के २००० ला. आता २०२० चं धोरण म्हणतं २०२५ पर्यंत ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. जुना आकडा गाठता आला नाही की दुप्पट मोठा जाहीर करायचा, ही आपली राष्ट्रीय खोड. माझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर मी कान धरला असता.

दुसरं. 'वाट' म्हणजे कुणाची वाट? आज वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीला काय लागतं ते बघून नववीच्या पोराचं आयुष्य आखायचं. बरं. हेच २००८ साली आमच्या डिचोलीत, सांखळीत केलं असतं तर कोणता विषय निघाला असता? खाण. ट्रक, बार्ज, मशीन. त्या वर्षांत दहावी नापास पोरगा टिप्परवर बसून माझ्यापेक्षा जास्त कमवायचा आणि मला वाटेत हॉर्न मारून हात करायचा. "सर, बसा, सोडतो." २०१२ ला खाणी थांबल्या. पुन्हा थोड्या हलल्या, तर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीझ गेल्या. ते ट्रक किती पावसाळे अंगणात गंजत उभे होते, आमच्याकडे येऊन बघा. ज्यांना दुसरं काही येत होतं ते सावरले. ज्यांना एकच वाट होती ते हप्ते फेडत बसले. शाळेनं त्या वाटेवर बोर्ड लावला नव्हता, एवढंच शाळेचं पुण्य.

तिसरं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. आमच्या शाळेत व्यवसाय विषय आला त्या वर्षी स्टाफरूममध्ये फर्मान आलं, गणितात ज्यांचं काही खरं नाही त्यांची यादी द्या, त्यांना तिकडे वळवू. मी यादी केली. बावीस नावं. दुसऱ्या दिवशी दोघांचे पालक भेटायला आले, एक डॉक्टर, एक कंत्राटदार. त्या दोन पोरांची नावं मीच, माझ्या लाल पेनानं, खोडली. उरलेल्या वीसांपैकी कुणाचा बाप आला नाही. कुणी ट्रकवर, कुणी रोजंदारीवर, दोघे तर घाटावरून आलेले, त्यांना शाळेकडून आलेला कागद वाचता येत नव्हता. त्या वीसांना आम्ही 'वाट' दिली.

म्हणून विचारतो, वेर्णेकर बाब, तुमची स्वतःची मुलं कोणत्या वाटेवर आहेत?

---

वेर्णेकर

माझ्या मुलांना मध्ये आणायचं कारण नव्हतं. मुलगी बंगलोरला आर्किटेक्चर करते. मिळालं समाधान?

तुम्ही यादी केलीत, तुम्हीच नावं खोडलीत, आणि पाप माझ्या पोस्टवर? वा! डॉक्टर बघून तुमचं पेन चाललं, त्यात योजनेचा काय दोष?

माझं छोटं वर्कशॉप आहे, कुणाचे मोठे कारखाने नाहीत. गेल्या गणेशचवथीनंतर एका हाताखालच्या माणसाची जाहिरात दिली. आले कोण, तर बी.कॉम., बी.ए., एक बी.एस्सी. फिजिक्स. त्या फिजिक्सवाल्याच्या हातात व्हर्नियर दिला, म्हटलं ह्या बुशचा आतला व्यास सांग. त्यानं तो थर्मामीटरसारखा उजेडाकडे धरला. म्हणाला, "सर, आम्ही रीडिंग जर्नलात उतरवून घेतलं होतं." ह्याला मी बेरोजगार म्हणू की फसवला गेलेला म्हणू? त्याचा बाप काजूच्या भट्टीत राबून फी भरत होता.

तुमचं खाणीचं उदाहरण मला उलटं दिसतं. ती पोरं कसलंच शिक्षण न घेता ट्रकवर बसली. त्यांना डिझेल इंजिन रीतसर शिकवलं असतं, कागद दिला असता, तर खाण बंद झाल्यावर ती जनरेटरवर, बोटीवर, क्रेनवर, कुठेही गेली असती. चालवता येणं आणि येणारं काम दाखवणारा कागद हातात असणं, यात फरक आहे.

आणि आमच्याकडे बी.ए. म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीची जाहिरात येईपर्यंत बसायचा मांडव.

---

फर्मागुडीचा फिटर

सर, मी तुमच्या त्या यादीतला. म्हणजे तुमच्या शाळेतला नव्हे, पण तसल्याच एका यादीतला.

दहावीला गणितात ३६. घरी मयताचं वातावरण. मामानं आयटीआयला फिटरला घातला. पहिले कितीतरी दिवस फक्त कानस. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि घासायची. मग गुण्या लावून ट्यूबलाइटकडे धरायची. कडेखालून उजेडाची रेघ दिसली की परत घास. इन्स्ट्रक्टर काही बोलायचा नाही, फक्त उजेडाकडे धरून दाखवायचा. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. एक दिवस उजेड दिसला नाही. सर, शाळेच्या दहा वर्षांत मला कुणी 'बरोबर' म्हटलेलं आठवत नाही. त्या दिवशी त्या पट्टीनं म्हटलं.

आणि तुमचं ते साइन-कोसाइन. शाळेत मला ते कुठल्यातरी देवाचं नाव वाटायचं. वर्कशॉपमध्ये २०० मिलिमीटरचा साइन बार, म्हणजे दोन रोळांवरची कोन लावायची पट्टी. ३० अंशाचा कोन हवा, तर एका रोळाखाली किती उंचीचे स्लिप गेज, म्हणजे मापाचे ठोकळे, ठेवणार? १००. कारण साइन ३० म्हणजे अर्धा. ठेवले, डायल फिरवला, काटा हलला नाही. तेव्हा कळलं की गणित मला येत होतं, फळ्यावरचं येत नव्हतं.

पुढे आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. अशी सोय आहे, सर. डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचीही आहे. आज औषध कंपनीत मेंटेनन्सला आहे, हाताखाली सात माणसं. दार बंद आहे म्हणणाऱ्यांनी दार ढकलून बघितलेलं नसतं.

---

चिरेखण

अभिनंदन, मनापासून. आता एकच सांग. तुझ्या बॅचला किती जण होते आणि ते दार ढकलून पुढे किती गेले?

---

फर्मागुडीचा फिटर

वीस. डिप्लोमाला तिघे. इंजिनिअरिंगला एक गेला, मीच, आणि गणित-३ मध्ये दोनदा आपटून परत आलो. झालं समाधान?

पण सर, तुमच्या बावीसांपैकी किती जण बारावी-सायन्स करून इंजिनिअर झाले असते? तेही सांगा.

---

न्यू जर्सीतला म्हापसेकर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. (हे म्हटलं की दोन्हीकडून दगड येतात, येऊ देत.)

अमेरिकेत यावर भरपूर प्रयोग झालेत. न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये २०११ ला पी-टेक नावाची शाळा निघाली. आयबीएम, शहराचं शिक्षण खातं आणि सिटी युनिव्हर्सिटी असे तिघे मिळून. नववी ते 'चौदावी', सहा वर्षं सलग, शेवटी बारावीबरोबर दोन वर्षांची कॉलेजची पदवी, फुकट. ओबामा २०१३ ला स्वतः जाऊन आले. नंतर तिच्या नकला देशोदेशी निघाल्या.

त्याहून जुन्या 'करिअर अकॅडमी'. हायस्कुलातच एक गट, एक व्यवसाय, जवळच्या कंपन्यांशी संधान. यांचा अभ्यास एमडीआरसी या संस्थेनं नीट केला, म्हणजे लॉटरीनं प्रवेश मिळालेली मुलं विरुद्ध न मिळालेली. शाळा सुटल्यावर आठ वर्षं मागोवा घेतला. मिळालेल्यांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि मुलग्यांमध्ये तर आणखी. पण कॉलेजची पदवी घेण्यात दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे वेर्णेकर म्हणतात तसा पगार वाढला, चिरेखण सर घाबरतात तसं शिक्षण कमी झालं नाही, आणि पोस्टमध्ये होतं तसं वाढलंही नाही.

मात्र एक विसरू नका. तिथे अकॅडमीत गेलेला पोरगा इंग्रजी, गणित, विज्ञान सगळं तेवढंच शिकत होता. वेगळी यादी नव्हती.

---

पार्सेची बाय

म्हापसेकर, ब्रुकलिनहून पार्सेला शेवटची बस किती वाजता हो?

माझी मुलगी हॉटेल-टुरिझमचा विषय घेऊन होती. हौसेनं घेतला, कुणी ढकलली नाही. ट्रेनिंगला एका मोठ्या हॉटेलात पाठवलं, नाव सांगत नाही. मला वाटलं फ्रंट ऑफिस बघेल, किचन बघेल. पहिले आठ दिवस चमचे. बँक्वेटच्या मागे एक खोली, गरम पाण्याची बादली, व्हिनेगर, आणि हजारभर काटे-चमचे पुसायचे, बोटाचा ठसा दिसला की परत. नवव्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "आई, आज प्रमोशन. नॅपकिन."

तेही चालेल, आपणही सासरी आलो तेव्हा भांड्यांपासूनच सुरुवात केली. पण सुटायची वेळ साडेपाच सांगून सोडायचे साडेसातला. सोळा वर्षांची पोर हमरस्त्यावर उभी. बस गेलेली. नवरा रोज धंदा बंद करून स्कूटर घेऊन जायचा. शाळेला सांगितलं तर म्हणे हॉटेलला सांगा, हॉटेलला सांगितलं तर म्हणे शाळेशी बोला. दोन दिवस उद्योगात म्हणणाऱ्यांनी तेवढा एक प्रश्न सोडवावा, मग क्रेडिटचं बोलावं.

आणि हो, शाळा एप्रिलमध्ये भरवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? २०२५ ला ७ एप्रिलपासून पोरं वर्गात. आंबे-काजूचे दिवस, मामाच्या गावाचे दिवस, अंगातून घामाच्या धारा. धोरण म्हणे! आधी पंखे लावा.

---

वेर्णेकर

बाय, एप्रिलचा इथे संबंध नाही. पण बसचं मान्य. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

---

चिरेखण

इतिहासात नोंद व्हावी, वेर्णेकरांनी काहीतरी मान्य केलं.

बाय, तुमच्या मुलीच्या वयाचाच मुद्दा पुढे नेतो. औषधाच्या कारखान्यात, रसायनाच्या जागी, अठराच्या आतल्या पोराला कायद्यानं धोक्याचं काम देता येत नाही. आणि देऊही नये. मग अकरावीचा पोर तिथे दोन दिवस करणार काय? काचेतून बघणार. नाहीतर पॅकिंगच्या खोक्यांना चिकटपट्टी लावणार. ह्या चिकटपट्टीचे क्रेडिट? नव्या हिशेबात ३० तासांना एक क्रेडिट. तीस तास चिकटपट्टी, एक क्रेडिट, जा, बी.एस्सी.ला जोड.

---

ओळंबा

सत्तरी तालुक्यातून. वाचत होतो, राहवलं नाही.

बाबा गवंडी. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर चिरे उचलायला. सहावीत मला सांधेमोड कळत होती. वरच्या चिऱ्याचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत एका रेषेत चिरते. ओळंबा कसा धरायचा, दोरी हलायची थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हे बाबांनी शिकवलं. पुढे बांधकामाचा कोर्स केला. पहिल्याच तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "व्हॉट इज अ प्लम बॉब?" मी गप्प. त्यांनी विचारलं, साइटवर कधी गेलायस का? मी गप्प. मार्क किती ते विचारू नका.

टेबलावरच होता तो. पितळी. बाबांच्या ओळंब्याहून नवा. सरांनी उचलून दाखवला असता तर मी त्याच खोलीची भिंत किती बाहेर गेलीय तेही सांगितलं असतं. (गेली होती.)

चौथीपर्यंत मराठी, पाचवीला एकदम इंग्रजी, नववीला 'वाट' आणि तीही इंग्रजीतून. ज्या पोरांना हाताचं काम घरातून येतं, त्यांनाच तुम्ही त्या कामाचं नाव परकं करून देता. आधी ही दुरुस्ती करा.

---

मांडवीकाठ

झालं. आलं माध्यम! मला वाटतच होतं, गोव्यात कुठलाही धागा तिसऱ्या वळणावर माध्यमात शिरतो.

दुबईला, कतारला, क्रूझवर काय 'ओळंबा' म्हणून पगार मिळणार आहे? प्लम बॉब हे दोन शब्द पाठ करायला अर्धा मिनिट लागतं. मराठी शाळांचा अभिमान बाळगणाऱ्यांची नातवंडं कुठे जातात ते आम्ही बघतो. सकाळी व्हॅन येते दारात, पिवळी, तिच्यावर 'सेंट' असतं पुढे.

---

ओळंबा

अर्धा मिनिट लागतं, बरोबर. तेवढा अर्धा मिनिट कुणी दिला नाही, हेच मी म्हणतोय. आणि माझं पोर सरकारी मराठी शाळेत आहे. वर्गात नऊ मुलं. येऊन मोजा.

---

साखळ्यांचो

ओळंबा नव्हे, ओळंबो. कोंकणी शब्द आहे तो, तुम्ही मात्रा काढून नेलात.

---

चिरेखण

हे घ्या, दोरी एकच आणि दोन्ही टोकांना ओढणारे तयार.

---

मांडवीकाठ

सर, तुम्ही विनोद करा, पण १९८७ पासून ह्या घोळानं किती पिढ्यांचं वाटोळं झालं? राजभाषा कोंकणी, मराठीला सरकारी कामात मुभा, प्राथमिक शाळेत मातृभाषा, २०११ पासून इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान, आणि हायस्कूल सरसकट इंग्रजी. पोर मधल्या मध्ये लोंबकळतं. मग म्हणतो एकदाच काय ते इंग्रजी करून टाका, पहिलीपासून. ओळंब्यालाही मग प्लम बॉब आलं असतं.

---

ओळंबा

आलं असतं. आणि बाबांशी बोलायला दुभाषा लागला असता.

---

सत्तेचाळीस नंबरची बस

अहो, आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या म्हणून तुमच्या-आमच्या घरात पहिला शिकलेला माणूस दिसला. ज्या शाळेनं पायावर उभं केलं तिलाच लाथ मारायची? २०११ ला त्या इंग्रजी अनुदानाविरुद्ध पणजीच्या आझाद मैदानात होतो मी, पावसात. तेव्हा तुमच्यासारखे लोक घरी टीव्ही बघत होते.

---

मांडवीकाठ

भाऊंचं नाव प्रत्येक ठिकाणी काढून चालत नाही. भाऊंच्या शाळेत शिकलेली माझी आई, आज नातवाचा अभ्यास घेऊ शकत नाही, कारण त्याचं पुस्तक इंग्रजी. ती शिकलेली असून अडाणी ठरते. तिचं तोंड बघवत नाही मला. मी टीव्ही बघत होतो की काय करत होतो, तुम्हाला काय माहीत? त्या वर्षी मी तीन महिने गोमेकॉ इस्पितळात वडिलांपाशी बसून होतो.

---

सत्तेचाळीस नंबरची बस

ते माहीत नव्हतं. शब्द मागे. मुद्दा मागे नाही.

---

धागापाल

माध्यमासाठी इथे स्वतंत्र धागा आहे, त्याचं चारशेवं पान चालू आहे, तिथे जा. ओळंबा की ओळंबो हेही तिथेच. इथे शाळा ते नोकरी एवढंच. वैयक्तिक एकही शब्द आला तर कुलूप.

---

न्यू जर्सीतला म्हापसेकर

मला वाटतं भाषेचा मुद्दा बाहेरचा नाहीच. जर्मनीत शिकाऊ पोर आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, आणि दोन्हीकडे त्याच्या आईच्या भाषेत...

---

चिरेखण

जर्मनीचं पुढचंही सांगा ना. तिथल्या बऱ्याच प्रांतांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, पोर विद्यापीठाच्या शाळेत जाणार की दुसऱ्या, याची वाटणी होते. दहाव्या वर्षी! आपल्याकडे ही वाटणी जन्माच्या आधीच होत आलीय, म्हणून मला धास्ती. १९५३ ला मद्रासला मुख्यमंत्री राजाजींनी काढली होती योजना, अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा. लोकांनी तिला 'कुलाचं शिक्षण' म्हटलं, राजाजींची खुर्ची गेली, त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली. सुताराच्या पोरानं रंधा धरावा यात वाईट काही नाही. भटा-भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पोरानंही धरावा. तो धरत नाही तोवर मला 'सक्तीचं' हा शब्द खरा वाटत नाही.

---

फर्मागुडीचा फिटर

सर, मग आपलं एकच म्हणणं झालं की! सगळ्यांना द्या. डॉक्टरच्या पोरालाही सहा महिने कानस. वेर्णेकरांच्या पोस्टमध्ये 'सगळ्या शाळांत सक्तीचं' हेच तर होतं. तुम्ही रागात ती ओळ गिळलीत.

---

चिरेखण

पोस्टमध्ये 'सगळ्या शाळांत' होतं. 'सगळ्या मुलांना एकच' असं नव्हतं. नववीला वाट निवडायची होती. निवडणार कोण, हा माझा प्रश्न. पोर, बाप, की माझ्यासारखा लाल पेनवाला?

---

वेर्णेकर

ठीक. नववीऐवजी अकरावीला निवड. नववी-दहावीला सगळ्यांनी सगळं थोडं थोडं, वायरिंग, नळजोडणी, शिवण, शेती, हिशेब. गणित-विज्ञान कुणाचंही कापायचं नाही. आणि ट्रेनिंगची सुटी दिवसाउजेडी, बसच्या आधी. आता तरी पोस्टला एक अंगठा द्याल?

---

पार्सेची बाय

मी देते. चमच्यांचा विषय त्यात घाला. आणि पगाराचा. शिकाऊ म्हणून आयटीआयवाल्याला २०१९ च्या नियमात महिना किमान ७००० होते, तेवढ्यात म्हापशाला खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही. माझ्या मुलीला तर काहीच नव्हतं, एक प्रमाणपत्र आणि दुपारचं जेवण. जेवण चांगलं होतं म्हणाली.

---

वेर्णेकर

पगाराचं... माझ्याकडे सध्या दोन शिकाऊ आहेत. त्यांना नियमापेक्षा जास्त देतो. किती ते इथे लिहीत नाही, उद्या सगळेच मागतील.

---

मांडवीकाठ

आली गाडी रुळावर!

---

ओळंबा

चिरेखण सर, एक विचारू? त्या खोडलेल्या दोन पोरांचं पुढे काय झालं?

---

चिरेखण

एक बारावीला सायन्सला दोनदा बसला, मग बापाबरोबर कंत्राटं घेतो. बरं चाललंय. दुसरा पुण्याला आहे म्हणतात.

वीसांपैकी एक परवा माझ्या घरी एसी दुरुस्त करायला आला. मला ओळखलं. पैसे घेईना. बळेच खिशात घातले. जाताना म्हणाला, "सर, गणित तेवढं राहिलं बघा." मी दारात उभा होतो, काय बोलावं सुचलं नाही.

फिटर, एक गोष्ट इथे सगळ्यांसमोर मान्य करतो. एकतीस वर्षं मी पोरांना साइन शिकवला, साइन बार डोळ्यांनी बघितलेला नाही. आयटीआयचं वर्कशॉप आतून कसं असतं तेही ठाऊक नाही. ज्या वर्गात वीस पोरं पाठवली, त्याच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो.

---

फर्मागुडीचा फिटर

शनिवारी मी जुन्या इन्स्ट्रक्टरना भेटायला जातोय, वर्कशॉपमध्येच. या. साइन बार दाखवतो.

बूट घालून या, सर. चपलेला आत सोडत नाहीत.